वायसर

हातिमभाई लाकडावाला म्हणाला, कपाट आहे,
आत घड्याळासारखं काहीतरी आहे, घेऊन जा.
मी काच थुंकी लावून पुसली.
मेणाचा नळा दिसला, वर टेकलेली सुई,
आणि बाजूला पितळी ओठांची फट:
एक आणा टाका.

बत्तीस वर्षं टांकसाळीत होतो मी,
वजनाच्या खात्यात.
माझ्या हातून हलकं नाणं शहरात गेलं नाही.
म्हणून असेल, त्या फटीपाशी
जरा जास्तच वेळ बोट राहिलं.
हातिमभाईनं ते पाहिलं
आणि दोन हजार वाढवले.

माझगावात तिसऱ्या मजल्यावर चढवायला चौघे हमाल.
कुमुदिनी म्हणाली, आणि आता जेवायचं कुठे?
चार महिने आम्ही ओट्याशी उभ्यानं जेवलो.

रॉकेल. दात घासायचा जुना ब्रश.
स्प्रिंग डब्यातून काढताना सुटली,
अंगठ्याला चार टाके.
वेग आवरणाऱ्या तीन गोळ्यांतला एक गहाळ,
तो शिशाचा ओतला,
बाकी दोघांशी जुळेपर्यंत गुंजेगुंजेनं घासला.
कानाच्या नळ्यांचं रबर हात लावताच भुगा झालं.
प्रिन्सेस स्ट्रीटवर स्टेथोस्कोपच्या नळ्या मिळाल्या,
दोन जोड.
दुकानदारानं विचारलं, डॉक्टर का?
मी हो म्हटलं.

गल्ला मुद्दाम शेवटी उघडला.
किल्ली नव्हती. कुलूप कापायला हात होईना,
तर छत्रीच्या काडीची किल्ली केली,
तिला तीन रविवार गेले.

आत अकरा आणे,
कंगोरे बोथट, राजाची दाढी झिजून गुळगुळीत,
आणि त्यांच्यात, त्यांच्यासारखाच काळवंडलेला,
एक वायसर.

गिरणीतला असावा. कुठल्या मागाचा, कोण जाणे.
मधलं भोक शिसं ओतून बुजवलेलं.
कडेला कानशीनं काढलेले कंगोरे.
मोजले. बारा.
खऱ्या आण्यालाही बाराच असतात,
पण ते मोजतो कोण?

तराजू काढला.
तोळ्याचा तिसरा हिस्सा, असं जुनं कोष्टक सांगतं.
राजाचे अकराही आणे झिजून हलके भरले.
वायसर पुरा.

कुणी बसला असेल रात्रपाळीनंतर,
गुडघ्यात धरून, दिव्याशी,
एक आणा चोरण्यासाठी
चार आण्यांची मजुरी फुकट घालवत?
कुणाकडून शिकला वजन?
आणि चालेल की नाही हे कळायला
पहिल्यांदा फटीत सोडताना
मागं रांगेत कुणी उभं होतं का?

नोकरीत असतो तर पंचनामा केला असता,
तीन प्रतींत.
वहीत लिहिलं: गल्ल्यात जमा, आणे बारा.

मग तोच टाकला.
आत कुठंतरी टिक् झालं, एक पट्टी कलली,
नळा फिरायला लागला.
कुमुदिनीनं कानातलं यंत्र काढून
मिठाच्या बरणीवर ठेवलं,
नळी घातली. दुसरी मी.

आधी नुसतं तळण.
मग त्या तळणात, फार आत, एक बाई,
आलाप घेत, खोकत, पुन्हा घेत.
मेणाला बुरशी लागलेली; जिथं डाग येई
तिथं ती पाण्याखाली जाई
आणि पलीकडे श्वास सावरत निघे.
दोन मिनिटं. शेवटी तिनं आपलं नाव सांगितलं
आणि नेमका तिथंच डाग.

मी म्हटलं, गेलं नाव.
कुमुदिनी म्हणाली, कुठं गेलं? मी ऐकलं की.
काय होतं?
ती कानाला नळी तशीच धरून,
डोळे त्या फटीवर.
वायसर काढ, म्हणाली,
पुन्हा टाक.